शुक्रवारमामांचं कव्हर

शुक्रवारमामा नटीचा चेहरा एका बैठकीत काढत, पण पुसताना रेंगाळत. परभणीतल्या एका टॉकीजचे बोर्ड ते रंगवायचे. शुक्रवारी सिनेमा बदलायचा, म्हणून आम्ही त्यांना हे नाव पाडलेलं. गुरुवारी दुपारी जुन्या बोर्डावर पांढऱ्याचा हात मारायला बसले, की आधी केस जात, मग गळा, मग कान, आणि सगळ्यात शेवटी डोळे. आम्ही कॉलेजबुडवे खालून ओरडायचो, "मामा, डोळे तरी राहू द्या की तिचे!" वरून उत्तर यायचं, "राहू दिले असते बाबा, पर पुढच्या हप्त्याची बाई उसन्या डोळ्यानं बघत न्हाई."

मी तेव्हा बी.ए.ला दुसऱ्यांदा आपटून वडिलांच्या कापडदुकानातली अर्धी फळी अडवून कॅसेटी विकत होतो. शाळकरी पोरंपोरी यायची, अर्धा तास गाणी ऐकायची आणि काही न घेता जायची. एवढ्यावरून मला साक्षात्कार झाला, की या कोवळ्या पिढीला गाण्याविषयीच्या मासिकाची फार निकड आहे. निकड खरं तर मला होती, संपादक म्हणवून घ्यायची. मासिकाचं नाव ठरलं 'ठेका'. वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "त्यापरीस नालीचा ठेका घे. तो तरी कुनाच्या उपेगी पडंल."

कव्हरावर गिटार हवी, हे मी मासिकात काय छापायचं ते ठरण्याआधीच ठरवून बसलो होतो. गिटार मी सिनेमात पाहिलेली आणि मामांनी बोर्डावर काढलेली. हातात दोघांनीही धरलेली नाही. तेव्हा मी क्रिकेटची बॅट पोटाशी आवळून, एक पाय खुर्चीवर टाकून, मान मागं फेकून त्यांच्यासमोर उभा राहिलो. मामांनी पाहिलं तसं काढलं. कागदावर एक जाडजूड इसम पोटदुखीनं कळवळत होता आणि त्याच्या हातात बॅट होती.

"शेट," मामा म्हणाले. मला ते शेट म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा पत्ता लागू देत नसत. "हे पुस्तक कुनासाठी काढायलाव तुमी?"

"तेरा-चौदापासून पुढच्या मुलांसाठी."

"पोरी बी वाचतेल?"

"पोरी तर आधी."

"मंग चौदा वर्साची पोरगीच काढू की. गानं ऐकायलीय, अशी."

मी मांडीवर थाप मारली. वाचक कोण हे मामांनी बरोबर हेरलं, असं मी अण्णांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. अण्णांनी चहा मागवला. मामांचा चहा नेहमीप्रमाणे खिडकीतल्या वेगळ्या ग्लासात आला. पिऊन झाल्यावर तो त्यांनी स्वतःच विसळून पालथा घातला. मी विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूचा होतो. पण मनातल्या मनात, आणि मनातल्या मनात ग्लास बदलता येत नाही.

दोन दिवसांत पहिलं चित्र आलं. काय मुलगी होती! टपोरे डोळे, कमानदार भुवया, हनुवटीवर तीळ. मी म्हणालो, "झालं कव्हर!" मामांनी कागद माझ्या हातून काढून घेतला. "ही न्हाई." दुसरं आणलं. तीही देखणी, तिलाही "ही न्हाई." तिसऱ्या वेळी तर मला दाखवायच्या आधीच फाडलं. जगात संपादक चित्रं नाकारतात आणि चित्रकार गयावया करतात. आमच्याकडं मी गयावया करत होतो. "मामा, ही नाही म्हणजे कोण नाही?" ते पिशवी उचलून चालू लागायचे.

इकडं छापखानेवाला तगादा लावून बसलेला. चित्राचा ठसा औरंगाबादहून करून आणायचा होता. शेवटी एका दुपारी मी टॉकीजमागच्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर गेलो. मामा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. भोवती कागदच कागद आणि प्रत्येकावर कुठली ना कुठली नटी, कुणी अर्धी, कुणी पाऊण. सगळ्या शाळकरी वयाच्या, आणि तरीही सगळ्या नट्या.

"हात बाटला माझा, शेट," ते डोळे न उघडताच म्हणाले. "काढायला बसतो लेकीला अन् निघती ही नाहीतर ती."

त्यांना मुलगी होती हे मला तेव्हा कळलं. जिंतूरकडच्या एका खेड्यात मामांचं घर होतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या पायी वस्त्या पेटवल्या गेल्या, त्यात ते गेलं. बापलेक ज्वारीत लपून राहिले, वरून पाऊस. पोरीला तिथं ताप भरला, तो उतरलाच नाही. तिचा एकच फोटो होता, शाळेतला. तो घरासंगं गेला.

"तवापासून इतं बोर्ड करायलोय," मामा म्हणाले. "वाटलं, चेहरे काढून काढून हात तयार झाला की एक दिवस तिचा काढू. छापून आला की पुसायची भीती न्हाई. आता हात तयार हाय, अन् डोळे मिटले तरी ह्याच भवान्या येतेत."

अशा वेळी गप्प बसावं एवढी अक्कल मला असती, तर मी बी.ए. झालो असतो. मी म्हणालो, "मामा, आमची चुलतबहीण त्याच वयाची आहे. तिला समोर बसवू का?"

मामांनी डोळे उघडले. "तुमची बहीन तुमची हाय, शेट," ते शांतपणे म्हणाले. मी चप्पल घालून निघालो. कुणाची घातली ते घरी गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ते त्यांची चप्पल न्यायला आले आणि गुंडाळी ठेवून गेले. मी उघडली. एक मुलगी आपल्याकडं पाठ करून रेडिओपुढं बसलेली. मान जरा कलती. दोन वेण्या, रिबिनी बांधून वर घेतलेल्या, आणि मधला भांग चांगलाच वाकडा. धावत जाऊन मी त्यांना बसस्टँडच्या अलीकडं गाठलं. "मामा, हिचं तोंड?"

"तोंड येत न्हाई. पाठ आली." मग चालता चालता, "आई नव्हती तिला. भांग मीच पाडायचो. रोज वाकडा पडायचा, रोज भांडायची माझ्याशी."

भांग सरळ करून घ्या, असं छापखानेवाला म्हणाला. त्याला मी नाही म्हणालो. माझ्या संपादकीय कारकिर्दीतला हा एकमेव बरा निर्णय. 'ठेका'चा एकच अंक निघाला. टपरीवर तो टांगलेला असताना पोरं यायची, "पाठमोरी हाय बे, कोन घेईल?" म्हणायची आणि नटीचं कव्हर असलेलं दुसरं काहीतरी घेऊन जायची.

मामांना मी अंक नेऊन दिला. त्यांनी तो जवळ धरला, हात लांबवून धरला, भिंतीला उभा करून दाराशी जाऊन पाहिला. मी कौतुकाच्या तयारीत उभा.

"पाठीवरून काय, कुनाची बी लेक वाटती," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी टॉकीजचं काम सोडलं. कुणी म्हणे नांदेडला गेले, कुणी म्हणे गेलेच.

नामांतराची बातमी आली त्या हिवाळ्यात मला ते एकदाच भेटले, देवगाव फाट्यावर. मी बस बदलायला उतरलो होतो. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाशी उकिडवा बसून एक म्हातारा आकडे रंगवत होता. मी ओळखलं. त्यांनीही ओळखलं. चौकात पेढे वाटत होते. मी एक आणून त्यांना दिला. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला. मग ते पुन्हा दगडाकडं वळले. न सुचलं की मी नको ते बोलतो.

"मामा, चेहरा आला का कधी हातात?"

त्यांनी कुंचला डब्यात बुडवून काठावर निपटला. "आता येऊन काय करतो, शेट? तिशीची झाली असती ती. लेकराची आई. तो चेहरा तर म्याबी पाहिला न्हाई."

माझी बस हॉर्न देत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी दगडाला टेकू लागलो.

"हात लावू नका, शेट," मामा म्हणाले. "वला हाय."