साफ केलेलं अबखाझ

हेमचंद्र सबनिसांना नीटनेटकेपणाचं वेड होतं. कॅनडातल्या किचनर शहरी त्यांच्या गराजमध्ये बर्फ काढायची फावडीसुद्धा उंचीप्रमाणे टांगलेली असत. "यांना मुभा दिली तर हे बर्फालाही इस्त्री करतील," असं त्यांची बायको शोभा चारचौघांत म्हणायची, आणि हेमचंद्र मनातून खूशच व्हायचे.

असा माणूस निवृत्तीनंतर रिकामा बसतोय थोडाच! सॉफ्टवेअरची नोकरी संपली आणि विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने त्यांना अबखाझ भाषेच्या कामात ओढलं. काळ्या समुद्राकाठची ही भाषा. तिचं एकेक क्रियापद म्हणजे गच्च भरलेला डबा: कोणी केलं, कोणाला, कोणासाठी, सगळं एकाच शब्दात कोंबलेलं. लोकांच्या तोंडच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करायच्या, प्रत्येक शब्द उकलायचा आणि तुकड्यातुकड्याला व्याकरणाची चिठ्ठी लावायची, असं ते काम होतं. हेमचंद्रांनी त्यासाठी प्रोग्राम लिहिला, शिवाय ध्वनिमुद्रणही अंगावर घेतलं.

गोष्टी सांगायला आसिदाबाई यायच्या. युद्धात घर सोडून आलेल्या, सत्तरीच्या. शनिवारी सकाळी बेसमेंटमध्ये माइकसमोर बसून त्या बोलायच्या. पण शोभाला कुठलं राहवतंय! घरी आलेल्या बाईला उपाशी बडबडायला लावायचं म्हणजे काय? ती मध्येच जिना उतरून यायची, कधी चहा घेऊन, कधी थालीपीठ. एकदा आसिदाबाईंनी त्यांच्याकडची अजिका आणली, लाल मिरची-लसणाची. शोभाने बोट लावून चाखली आणि ती ओरडली, "अगंबाई, हा तर आपला ठेचा!" एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी दोघी पोट धरून हसल्या.

"शोभा, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"असू दे की. मग डिलीट करा मला."

आणि ते करायचे. शोभाचं बोलणं, बांगड्या, हसणं, सगळं कापायचे. संग्रहात अबखाझ तेवढं हवं. साफ केलेली फाइल ठेवायची, मूळची काढून टाकायची. केर साठवून कोणाचं भलं झालंय?

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत शोभा झोपेतच गेली.

उन्हाळ्यात ओटावाहून लेकीचा, केयाचा, फोन आला. "बाबा, आईचा व्हॉइस आहे का रे तुझ्याकडे? व्हिडिओ सगळे तिनेच काढलेत, शी इज नॉट इन एनी ऑफ देम. आरव आजीला विसरायला लागलाय, बाबा. तुझ्या त्या रेकॉर्डिंग्जमध्ये असेलच ना?"

"बघतो," हेमचंद्र म्हणाले. आपणच कापलं, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

मग बसले ऐकत. फायलीमागून फायली. नुसतं अबखाझ, स्वच्छ, निर्मळ. प्राध्यापिकेने ज्याची सगळीकडे तारीफ केली होती, ते हे काम. हेमचंद्रांना स्वतःच्या हातांची शिसारी आली.

शेवटी त्यांना आठवलं. दोन आवाज एकमेकांवर आले की कापता येत नसे, कारण अबखाझ शब्दही जायचा. अशा जागी ते 'बाहेरचा आवाज' अशी चिठ्ठी लावत. त्यांनी प्रोग्रामला ती चिठ्ठी शोधायला लावली. कुठे घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर निघाली, कुठे रस्त्यावरचा ट्रक. आणि एका ठिकाणी, आसिदाबाई गावातल्या अक्रोडाच्या झाडाबद्दल सांगत असताना, त्यांच्या शब्दावर चढून स्पष्ट, शोभा.

"अहो,"

पुढे पुन्हा स्वच्छ अबखाझ.

बायकोच्या हाकेला आपण बाहेरचा आवाज म्हटलं! हेमचंद्र टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडले.

त्यांनी केयाला फोन लावला आणि तेवढंच ऐकवलं. पलीकडे केयाला हुंदका फुटला. "इट्स हर, बाबा. पुढे लाव ना. पुढे काय म्हणाली आई?"

"ते मी कापलं, बाळा."

 केयाने फोन ठेवल्यावर हेमचंद्रांनी ती जागा पुन्हा लावली.

"अहो,"

"बोल ना शोभा," ते म्हणाले. "आता रेकॉर्डिंग बंद आहे."

आसिदाबाई अक्रोडाच्या झाडाबद्दल सांगत राहिल्या.