कार्टूनमधली सवत

आमच्या आत्याची सवत रंगीत आहे. तिला मान नाही, नाक म्हणजे नुसता ठिपका, आणि केसांचा बुचडा इतका उंच की दारातून जाताना बाई आडवी होते. रोज संध्याकाळी ती टीव्हीवर येऊन स्वतःच्या नवऱ्याला फैलावर घेते आणि माझ्या आत्याचा नवरा, म्हणजे आमचे काका, तिच्यावर जीव ओवाळून टाकतात. मालिकेचं नाव 'घसरगुंडे आणि मंडळी'. सवतीचं नाव घसरगुंडेबाई.

काकांचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं... की ते बरं?" असं दिवसभर विचारून विचारून त्यांचा आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट झालाय. घरीही तोच. आत्या केस कापून आली आणि म्हणाली, "कसे दिसतात?" काकांनी मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि निकाल दिला, "आधीचं बरं."

पण घसरगुंडेबाईंनी नुसतं तोंड उघडलं की या माणसाची थंडीत गारठलेली स्कूटर सुरू होते. हुक... हुक... हुक... हुर्रर्रर्र! खांदे गदगदतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो. आत्या म्हणते, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या किकने ही गाडी एकदा लागेल तर शपथ!"

आता खरी मजा ऐका. आत्या नोकरी करते ती एका मनोरंजन पार्कात, त्याच घसरगुंड्यांच्या राइडवर. आधी ती दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर होती. ती म्हणते, काम तेच, आधी घाबरवायचं आणि मग धीर द्यायचा. पार्कात एक मोठी कॅबिन आहे, ती खाली यंत्राच्या पायांवर उभी. आत खुर्च्या, समोर पडदा. पडद्यावर घसरगुंडे मंडळी खटारा गाडीतून डोंगरावरून, गटारातून, एका केकच्या कारखान्यातून पळतात आणि तसतशी कॅबिन आपटते, कलंडते, गचके देते. जागची मात्र हलत नाही. आत्या दारात उभी राहून माणसं आत घेते. "पाऊल जपून, हं. बॅगा खाली, हं. डोकं मागे टेका, हं." मग प्रत्येकाच्या मांडीवरचा लोखंडी बार दोनदा ओढून बघते, दार लावते आणि बाहेरच्या काचेच्या खोलीत बसून हिरवं बटण दाबते. तिथे एका छोट्या स्क्रीनवर आतले सगळे चेहरे दिसतात. अंधारातला कॅमेरा असल्यामुळे सगळे हिरवट, भुतासारखे.

"दिवसभर तेच बघते," आत्या एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाली. "लोक किंचाळतात, मग ती मेली बोलते, की सगळे फिदीफिदी. दिवसभर तिथे ती आणि घरी आले तरी तीच!"

बाईंचं सगळ्यांत गाजलेलं वाक्य गाडी केकमध्ये घुसायच्या आधी येतं. "उजवीकडे म्हटलं होतं ना! तुझं डावं-उजवं काय लग्नात अहेरात देऊन टाकलंस?" टीव्हीवर ते आलं आणि काका हुर्रर्र झाले, तेव्हा आत्या हातातलं फडकं झटकत उभी राहिली.

"अहो, परवा चौकात मी हेच म्हटलं तेव्हा काय म्हणालात? 'गाडी चालवू दे'!"

"अगं, तिचं टायमिंग बघ ना."

"टायमिंग! तिला काय, पलीकडे दूध उतू जातंय?"

काका राइडवर कधीच आले नव्हते. पोटात ढवळतं म्हणायचे. आत्यानेही आग्रह केला नव्हता, सवतीच्या दारात नवऱ्याला कोण नेणार? पण पार्काने कामावरच्या लोकांच्या घरच्यांसाठी एक दिवस मोफत ठेवला आणि आत्याच्या डोक्यात काहीतरी शिजलं. आत जाण्याआधीच्या सूचनांमध्ये तिला स्वतःचा विनोद घालायचा होता. स्वतःचा, स्वतःच्या आवाजात. काकांना एकदा, फक्त एकदा, तिच्या बोलण्यावर हसवायचं होतं. आठवडाभर ती आरशापुढे तालीम करत होती. मी ऐकत होते. विनोद बरा होता.

त्या दिवशी मी आणि काका रांगेत पुढे. आत्याने गणवेशाची कॉलर नीट केली, घसा साफ केला.

"मंडळी, गाडीत कितीही आपटलात तरी नवऱ्याचा हात धरू नका, हं. त्याने आधीच बार धरलेला असतो!"

बायका खळखळून हसल्या. एक आजोबा तर टाळ्या वाजवायला लागले. काका? काका आत्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर बाईंचं माणसाएवढं चित्र होतं.

आत्याने माझा बार ओढला. काकांचा इतक्या जोरात दाबला की ते म्हणाले, "आई गं!"

"सुरक्षेसाठी, हं," आत्या म्हणाली आणि दार आपटलं.

राइड सुरू झाली. डोंगर झाला, गटार झालं. केकचा कारखाना समोर दिसायला लागला. काका पुढे झुकले, आता वाक्य येणार म्हणून तोंड आधीच अर्धं उघडलेलं. आणि आवाज गेला. चित्र चालू, गचके चालू, पण बाई नुसत्या ओठ हलवतायत.

आत्याने नंतर मला सांगितलं, "खरं सांगू? मी म्हटलं, बरं झालं, बसली तोंडात मारल्यासारखी!" आवाज गेला तर माइकवर माफी मागायची आणि राइड थांबवायचं लाल बटण दाबायचं, असा नियम. तिचं बोट बटणावर होतं. तेवढ्यात स्क्रीनवर तिला काका दिसले. हिरवट चेहरा, तोंड तसंच अर्धं उघडं, खेळणं हिसकावून घेतलेल्या पोरासारखे. बोट बटणावरून सरकलं. तिने माइक ओढला.

आत आम्हाला ऐकू आलं, "उजवीकडे म्हटलं होतं ना, हं! तुझं डावं-उजवं काय लग्नात अहेरात देऊन टाकलंस?"

तोच किनरा आवाज, तोच ठसका. पण ते 'हं'! मी ओळखलं आणि खुर्चीत ताठ झाले. काका हुर्रर्रर्र! आत्तापर्यंतची सर्वांत मोठी हुर्रर्र, स्कूटर थेट चौथ्या गिअरमध्ये. शेवटपर्यंत आत्या सगळं बोलली, बाई, बाईंचा नवरा, केकवाला, सगळे.

बाहेर आत्या काचेच्या खोलीतून धावत आली. गाल लाल, श्वास लागलेला. काका डोळे पुसत म्हणाले, "अगं, आज बाईंनी कमाल केली! ते 'हं' काय झकास लावलं! टीव्हीवर कधी ऐकलं नव्हतं."

आत्याचा चेहरा मी अजून कुणाला करून दाखवू शकलेले नाही. तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि पुढच्या रांगेला म्हणाली, "पाऊल जपून."

संध्याकाळी टीव्हीवर बाई आल्या. थोड्या वेळाने काका म्हणाले, "पार्कातल्या जास्त चांगल्या होत्या."

आत्याने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. पडद्यावर बाईंनी तोंड उघडलं आणि आत्या मागून बोलली, त्याच किनऱ्या आवाजात, "टीव्ही काय बघतोस, हं! पाठीमागे बायको उभी आहे!"

काका हळूच वळले. "म्हणजे सकाळी..."

"मीच."

"परत म्हण! बाईंच्या आवाजात म्हण!"

आत्या भडकलीच. "मेली माझ्या घशात येऊन बसली काय? माझा नवरा, माझं घर, आणि आता आवाजही तिचाच?" दोन पावलं पुढे येऊन तिने काकांच्या नाकावरचा चष्मा काढला, पुन्हा लावला, मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि इस्त्री केलेल्या सपाट आवाजात विचारलं, "सांगा. ही बरी... की ती बरी?"

काका बघत राहिले. मग, हुक. हुक. हुक. हुर्रर्रर्र! सोफ्यावर आडवे झाले. "ही," ते म्हणाले, "ही, ही, ही!"

आत्या हसली नाही. तिने आधी वळून टीव्हीकडे बघितलं, मेलीने ऐकलं की नाही ते.