गळ्यातली सवत

मी मेलेली बाई आहे. मरून दीडशेच्या वर वर्षं झाली.

तरी आज पोस्ट टाकतेय, कारण आज माझ्या सवतीची, गोदाची तिथी आहे. तिची आठवण काढायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.
(घाबरू नका. लाईक केलं तर मागे लागणार नाही.)

आमचं गाव अकोटजवळ. तिकडे अमेरिकेत कसलीशी लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाचं सोनं झालं. घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे कापूसच कापूस.

त्याच घरात गोदा खोकून खोकून गेली. तुम्ही आता टीबी म्हणता. आम्ही क्षय म्हणायचो, तेही हळूच.

मग तिच्या जागी मी आले. तिला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

लग्नात माझ्या गळ्यात तिच्या नावाची पुतळी घातली. पहिली बायको गेली की दुसरीनं घालायची, म्हणजे मेलेली रागावत नाही. बाकीच्यांची चांदीची असायची, माझी सोन्याची.
कापसाची कृपा!

पावसाळा सरला आणि मला खोकला लागला.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. ती म्हणाली, "गोदा कोपली व तुयावर. तिले आधी निवद दाखवत जाय, मंग जेव."

सासू स्वतःही खोकायची. गोदा होती तेव्हापासून.
कुणी विचारलं तर म्हणायची, "मले काय होते? गयात कापूस बसला."
खरंच वाटायचं. त्या घरात कोण खोकत नव्हतं?

नवऱ्यानं सगळं केलं. भगत आणला. छकड्यातून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, बाटली दिली. गुण काही येईना.

मग अकोटचा वैद्य म्हणाला, "हिले शेळ्यांच्या गोठ्यात झोपवा. शेळीचं दूध पाजा."

हसू नका. गोठ्यात मला बरं वाटलं. मोकळी हवा, शेळ्यांची ऊब. घास जायला लागला. मी जगणार होते. मला कळत होतं ते.

तेवढ्यात गोदाची तिथी आली.

सून गोठ्यात आणि घरात तिचं पान मांडायला कुणी नाही, हे सासूला कसं चालेल? मला आत आणलं. गोदाचं लुगडं नेसवलं, गोदाच्या जागी निजवलं. तिथून मग उठू दिलं नाही.

सासू डोकं मांडीवर घेऊन पेज भरवायची. गरम असायची, म्हणून आधी फुंकर मारायची. मध्येच खोकायची. परत फुंकर. मग माझ्या तोंडात.

माझ्या आईनंसुद्धा इतकी माया केली नव्हती.

अंग तापानं भाजायचं, पण पुतळी गारच असायची. मी ती मुठीत धरून गोदाला शिव्या द्यायची. सोड ना मला, म्हणायची.

होळीच्या आधी गेले.

पलीकडे गोदा उभी. मी भांडायच्याच तयारीत.
"काहून नेलं मले?"

ती रडायलाच लागली.
"मी नाई व नेलं, बाई. मले बी आत्याबाईनंच भरवलं."

आम्ही वळून पाहिलं. घरात नवी सून आली होती. गळ्यात आम्ही दोघी. सासू तिला पेज भरवत होती.

आम्ही जीव खाऊन ओरडलो.

पोर दचकली. म्हणाली, "आत्याबाई, ह्या दोघी काईतरी सांगून राहिल्या."

"कोपल्या असतीन," सासू म्हणाली. "तू खाय."
आणि चमच्यावर फुंकर मारली.

गोदा, तुझ्यावरचा आळ आज सगळ्यांसमोर पुसते. तू कुणालाच नेलं नाहीस.
बाई गं, तुला माझा नमस्कार.