लेथचा नवा पडदा

लोकांना वाटतं, जुन्या मशिनीला नवा मॉनिटर लावायचा म्हणजे वायर खुपसायची नि चहा प्यायचा. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मालकालाही तसंच वाटत होतं. त्याच्या लोखंड कातायच्या कॉम्प्युटरवाल्या लेथचा जुना डबडा स्क्रीन वर्षभर नुसता फिरत होता. आकडे खालून वर, खालून वर, बघणाऱ्याला भोवळ यावी. ते फिरते आकडे वाचून काम काढणारा माणूस एकच, पन्नाशी उलटलेले अमरावतीकडचे एक काका. कुठल्या ओळीत काय येतं, सगळं त्यांना पाठ होतं. दुसरं कोणी त्या मशिनीला हात लावत नव्हतं.

मी कन्व्हर्टर जोडला. जुनी मशीन आपल्या चालीने चित्र पाठवते, नवा मॉनिटर ते आपल्या चालीने मागतो. मधल्या डबीने दोघांचं जुळवायचं. आधी पडदा काळाच. मग चित्र आलं, ते तिरकं. तीन तास बटणं दाबून दाबून एकदाचं स्थिर झालं, अगदी स्वच्छ. मी स्वतःवर जाम खूश होऊन सामान आवरायला लागलो.

"काहून बाबू, झालं काय?" काका मागे येऊन उभे होते. "डावीकडून कापून राहिलं ना. आकड्याच्या आधी वजा असते, ते कुठं गेलं?"

खरंच की. डावीकडची बारीक पट्टी मॉनिटरच्या बाहेर राहिली होती आणि तिच्यासोबत वजाची सगळी चिन्हं. तसंच सोडलं असतं तर कोणी नवख्याने उणे पाचला नुसतं पाच समजून चालत्या मशिनीत हत्यार फोडलं असतं. काका गप्प बसले असते, तर आठवड्याभरात मालक त्यांच्याच पाया पडत आला असता. हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे! तरी स्टूल ओढून ते माझ्या शेजारी बसले आणि सांगत गेले, "सरकव. अजून थोडं. हां, बस."

तेवढ्यात मालक आला. "सब सही आ रहा है न? अब कोई भी चला लेगा?"

काका तिथेच हात पुसत उभे होते. हे यांनी जुळवलं, एवढं मला म्हणता आलं असतं. पण मला पुढची कामं हवी होती.

"जी, कोई भी चला लेगा," मी म्हणालो.

महिन्याच्या आत काकांना घरी बसवलं. मी मालकाला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. पण त्याने फक्त विचारलं होतं, उत्तर मी दिलं होतं. याची मला लाज वाटते, आणि लाज वाटून काही होत नाही याचा संताप येतो.

परवा काकांचा फोन आला. तक्रार नाही, टोमणा नाही. उलट टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

"अशी फिरत्या स्क्रीनची मशीन अजून कुठं असली तर सांगजो बाबू. मी चालवून घेईन."

"पाहतो काका," म्हणालो.

रिछाईत माझ्या माहितीत तशा आणखी दोनच होत्या. दोन्हीकडे मी कन्व्हर्टर बसवून आलोय.