टेपचं दुसरं टोक

ज्या छपरासाठी आम्ही मुलींनी उपास केले, त्याचं काय झालं ते आधीच सांगते. ते पाडलं. आता तिथे गोडाऊन आहे. भिवंडीकरांना यात नवल वाटणार नाही; वडप्यापासून आत कुठेही वळा, पूर्वी जे काही होतं तिथे आता गोडाऊनच आहे. पण आमची जागा आम्हीच मोजून दिली, चहा पाजून.

माझी शाळा ख्रिस्ती मंडळींची. शाळेमागे मुलींचं बोर्डिंग होतं, म्हणजे एक लांबलचक हॉल, वर सिमेंटचे पत्रे आणि आत एकावर एक लोखंडी कॉट. मी दहावीत, वरच्या कॉटवर. माझ्याखाली नववीतली एक मुलगी. मी तिला ‘ए खालचे’ म्हणायचे, ती मला ‘वरचे’. तिच्या गावात शाळा सातवीला संपते. आईबाप वीटभट्टीवर. भावाने तिला बजावून ठेवलं होतं, बोर्डिंग आहे तोवर शीक, नाहीतर माझ्याबरोबर गोडाऊनला चल. बाकीच्या मुली नर्स होणार, टीचर होणार म्हणायच्या. ही म्हणायची, “दहावी होऊ दे, मंग बघू.” तिला तेवढंच पाहिजे होतं.

तिच्या घरचे हिंदू, माझ्याही. हे मुद्दाम लिहिते, कारण हल्ली मी या शाळेबद्दल एक वाकडा शब्द काढला की भलतेच लोक टाळ्या वाजवतात. त्यांनी हात खिशात ठेवावेत. आमचा धर्म कुणी बदलला नाही. जेवणाआधी गाणं, झोपताना प्रार्थना, आणि मला दोन्ही आवडायचं. आमचा घात झाला तो जागेच्या भावामुळे, आणि त्या बाबतीत इथले सगळे धर्म सारखेच.

हॉलच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपण एक कुटुंब आहोत.’ होतोच. एकीला उवा झाल्या की औषध सगळ्यांच्या डोक्याला. एकीच्या घरून सुकट आली की वास सगळ्यांच्या गाद्यांना. पाणी भरायची पाळी चुकवली तर बोलणी खायची, पण ताप आलेला असला तर दुसरी कुणीतरी न सांगता भरायची. असं कुटुंब मला पुन्हा मिळालेलं नाही, म्हणून तर राग जात नाही.

पावसाळ्यात पत्रे गळायचे. सगळ्यात जास्त आमच्या कोपऱ्यात. पाणी भिंतीवरून उतरून खालचीच्या गादीत मुरायचं. वॉर्डन मावशी हॉलच्या टोकाच्या खोलीत राहायच्या, त्यांनी शाळा चालवणाऱ्या कमिटीला किती वेळा सांगितलं असेल. कमिटीने सांगितलं, प्रार्थना करा. मावशींनी ते मनावर घेतलं. दर शुक्रवारी सकाळचा उपास आणि छपरासाठी प्रार्थना. शुक्रवारी पोहे असायचे. आठवड्यातला तेवढाच नाश्ता धड असायचा, नेमका तोच सोडला.

आणि एके दिवशी खरोखरच दोन माणसं आली, हातात मोठी टेप घेऊन. मावशींचे डोळे भरून आले. आम्ही चहा केला. पाहुण्यांसाठी बसवलेलं स्वागतगीत हातवारे करून म्हटलं. ते दोघे अवघडून उभे राहिले; आम्हाला वाटलं, साधी माणसं आहेत, लाजली. मग त्यातला एक म्हणाला, “बेटा, टेप पकड के उधर कोने तक जा.” खालची धावतच गेली. टोक भिंतीला दाबून धरलं आणि त्याला सांगितलं, “आमच्या कॉटपाशी लय गळतंय, हितलं आधी करा.”

“हाँ हाँ, सब हो जाएगा.”

झालंच सगळं. हॉल मोजला, अंगण मोजलं, विहीर मोजली, कंपाउंडच्या भिंती मोजल्या. छप्पर करायला आलेल्या त्या दोघांनी एकदाही वर पाहिलं नाही. हे आम्हाला नंतर आठवलं.

पुढे एका रविवारी उपासनेत कमिटीचे साहेब उभे राहिले. म्हणाले, देवाची योजना आपल्या योजनेपेक्षा मोठी असते. बोर्डिंग बंद होत आहे. दहावीच्या मुलींची परीक्षेपर्यंत शाळेत सोय होईल, बाकीच्यांनी पालकांना बोलावून घ्यावं. सगळं इतक्या गोड आवाजात की काही मुलींनी सवयीने आमेन म्हटलं.

मग साक्षीची वेळ. कुणालाही उभं राहून देवाचे आभार मानता येतात. खालची उभी राहिली. एरवी ती कधी उठायची नाही, आपली भाषा गावठी आहे म्हणून लाजायची.

“साहेब, टेप मी धरली व्हती,” ती म्हणाली. “काय मोजलं त्यांनी, ते सांगा.”

साहेब हसले. “बाळा, ही आभार मानायची वेळ आहे.”

“छप्पर मोजलंच न्हाय. मना दिसलं ना. मंग आमी पोहे कशापायी सोडले?”

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी मावशींकडे पाहिलं आणि मावशींनी गाणं सुरू केलं. सगळ्यांनी धरलं. ती एकटी उभी, आणि भोवती गाणं. त्या गाण्याबद्दल मी मावशींना कधी माफ केलं नाही, जरी त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याही एक ट्रंक घेऊन भावाच्या दारात गेल्या.

खालचीला न्यायला भाऊ आला. गादी भिजकी होती, नेली नाही. मी राहिले, शाळेच्या वर्गात झोपले, दहावी झाले. माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक मी तेव्हा लिहिलं, हाताने, आणि उपासनेनंतर गेटवर वाटलं. लोकांनी ते घेतलं, व्यवस्थित घडी घालून बायबलमध्ये ठेवलं आणि घरी गेले. तेव्हापासून मी पत्रकात सभ्य भाषा वापरत नाही.

ती आता दापोड्याला एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. ऐकणारे विचारतात, त्याच गोडाऊनमध्ये? नाही. पण फरक काय पडतो? गेल्या महिन्यात शिफ्ट सुटताना मी तिला गेटवर गाठलं. सतरा नंबर फॉर्म भर, बाहेरून बस दहावीला, पुस्तकं मी आणते, असं सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मी पत्रक वाचून दाखवत असल्यासारखं.

“तू अजून तशीच हायेस, वरचे,” म्हणाली. “ड्युटी बारा तास हाय. दहावी राह्यली ती राह्यली.”

बायकांना घरी सोडणारी गाडी भरायला लागली होती, तिच्यासोबतच्या बायका हाका मारत होत्या. मी विचारलं, काम कसं आहे.

“बरा हाय. छप्पर लय उंच हाय हितं,” ती चढता चढता म्हणाली. “थेंब गळत न्हाय.”