पोपटरावांचा चोथा

रोज तीच चार माणसं डबा उघडून बसली की बोलणं फिरून एकाच माणसावर येतं. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात तो माणूस म्हणजे फिटर पोपटराव. त्यांचे किस्से आम्ही इतक्यांदा सांगितलेत, की एखादा विसरला तर आता पोपटरावच आठवण करून देतात.

पोपटरावांना गहू आणि शेंगदाणा चालत नसे. चपातीनं अंगावर गांधी उठायच्या, शेंगदाण्यानं ओठ सुजून श्वास अडकायचा. आणि आमच्याकडं कुटाशिवाय भाजी म्हणजे मिठाशिवाय भाजी.

नवीन असताना त्यांनी कँटीनची वांग्याची भाजी खाल्ली आणि दहा मिनिटांत चेहऱ्याचा भोपळा झाला. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं घेऊन, रात्रभर तिथं राहून तिसऱ्या दिवशी ते कामावर हजर. सूज पुरती उतरली नव्हती. सुपरवायझरनं त्यांना खालीवर न्याहाळलं आणि मला विचारलं, "नवा माणूस दिसतोय. पोपटराव आज बी आलं न्हाईत का?"

त्यानंतर ते रखमाक्कांना, म्हणजे कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईंना, विचारल्याशिवाय घास घेईनात.

"आक्का, यात कूट हाय का?"

"न्हाय बा."

"नीट आठवा."

"अवो, कूट न्हाय म्हनते न्हवं. दाटपणाला वाईच वाटून लावलंय."

"काय?"

"शेंगदाणं."

पोपटरावांनी ताट सरकवलं ते सरकवलंच. मग दोन महिने नुसता दहीभात. व्हायचं तेच झालं. सकाळची पाळी असली की हे अर्धा तास उशिरा, आणि तोंड असं की कुणी कारण विचारू नये. शेवटी डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या भातावर राहिलात तर पोट अडणारच. फायबर वाढवा. पण हळूहळू, आणि पाणी भरपूर प्या."

दुपारी त्यांनी डब्यावर जाहीर केलं, "डॉक्टरनं फायबर सांगितलंय."

आमच्यातच बसणारे स्टोअरकीपर तात्या भाकरीवरून मान वर न करता म्हणाले, "शीट पायजे का पाईप?"

फायबर म्हणजे चोथा, हे कळल्यावर पोपटराव पेटले. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, गवारीची भाजी, वर चार पेरू. 'हळूहळू' तेवढं विसरले. त्याच दुपारी मालकांनी मीटिंग बोलावली होती. बोलणं संपवून मालकांनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" सगळे गप्प. पोपटरावांच्या पोटानं मात्र सविस्तर सांगितलं. मालकांनी खिडकी उघडायला लावली आणि मीटिंग आटोपली.

रखमाक्कांना मात्र त्या वाटणाची रुखरुख लागली होती. त्यांनी पोपटरावांसाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी काढली. बिनकुटाची मटकी त्यात शिजायची. कुणी चव बघायला गेलं की हातावर चापट. "हात लावू नगा, ते औषध हाय."

पोपटराव खाली मान घालून म्हणायचे, "आक्का, लागतंय बी तसंच."

आणि मग त्यांची सासुरवाडी, बावडा. अधिक महिन्यात सासूबाईंनी जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. धोंडे म्हणजे पुरण भरलेले गव्हाचे उंडे. पोपटराव घाबरूनच गेले. पण सासूबाईंना लेकीनं सगळं सांगितलं होतं. त्या पहाटेच पिठाच्या गिरणीवर जाऊन पहिला नंबर लावून बसल्या. गिरणीत आदल्या दिवशीचा गहू असणार, म्हणून पहिलं दोन शेर पीठ गाईसाठी बाजूला काढलं आणि पुढच्या ज्वारीचे धोंडे केले. ते फुटत होते, पुरण बाहेर येत होतं. पोपटरावांनी नऊ खाल्ले. त्यांची बायको सांगते, खाताना डोळे पुसत होते.

सासूबाई जुन्या वळणाच्या. लग्नाला सात वर्षं झाली, पण जावयाशी त्या समोर येऊन कधी बोलल्या नव्हत्या. जे काही असेल ते दाराआडून, लेकीमार्फत.

सकाळी पोपटराव टमरेल घेऊन ओढ्याकडं गेले. परत आले तर अंगणात सासरे, दोन मेहुणे, शेजारचे आबा, सगळे उभे. सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत पुढं आल्या आणि जावयाच्या तोंडाकडं बघून पहिल्यांदाच बोलल्या.

"झालं का?"