दादाची साफ मान

पंचवटीत मिसळीच्या रश्श्याचा वास आला की मला ती सकाळ आठवते. सुटलेलं पोट, शुगर, बीपी, आम्हा दोघा भावांचं सगळं सारखंच, म्हणून मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफीही जोडीनेच केली. चरबीचा थर निघाला तो माझ्याच मानेत. दादाची मान साफ! रिपोर्ट घेऊन मिसळ खायला बसलो, तर "तू पापड खा रे," म्हणत त्याने जास्तीची तर्री मागवली, वर जिलबी. मी त्याच्याकडे बघत नुसता जळत होतो. डॉक्टरांनी दोघांनाही हृदय तपासायला सांगितलं होतं, त्याची आठवण मी दादाला मुद्दामच करून दिली नाही. मी एकटाच तपासून आलो, माझी अँजिओप्लास्टी वेळेत झाली. दादा त्याच वर्षी हार्ट अटॅकने गेला. आता मी जेवायला बसलो की वहिनी माझ्याकडे बघत राहते. ती नजर मला ओळखू येते.